सिद्राम बनसोडे यांची खाऱ्या पाण्याची टाकी

सोलापुरात समुद्र आणायचा, ही कल्पना आमच्या सरांची. सर प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि फॉर्मेलिनच्या बरण्यांतले पांढरे पडलेले तारेमासे दाखवून शिकवण्याचा त्यांना कंटाळा आला होता. सहलीला कोकणात जाऊ, खडकांच्या डबक्यांतले जीव जिवंत आणू आणि इथं काचेच्या टाकीत वाढवू, असं त्यांनी एकदा तासाला जाहीर केलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, इथं माणसांना पाणी मिळंना." सगळे हसले, सरही हसले. पण टाकी झाली. लोखंडी चौकट, चार काचा, फटी बुजवायला लांबी, आत डांबराचा पातळ हात. ती प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली बसवली, कारण बाकी तिन्ही बाजूंनी आमचं ऊन आत येई.

या टाकीबद्दल मी पूर्वी एकदा लिहिलेलं आहे. कॉलेजच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत माझा दोन पानांचा लेख आहे, फोटोसकट. त्यात 'एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे' असे शब्द आहेत. ते शब्द खोटे आहेत. ज्यांच्याकडे ती स्मरणिका असेल त्यांनी त्या लेखाच्या जागी हे वाचावं.

त्या कर्मचाऱ्याचं नाव सिद्राम बनसोडे. विभागात ते रोजंदारीवर हरकाम्या होते. बरण्या धुणं, बेडूक आणणं, वर्गातले फळे पुसणं. वय अठ्ठावीस-तीस असेल, आम्ही पोरं त्यांना अण्णा म्हणायचो. ते मला अनंतराव म्हणत, कारण माझे वडील शाळामास्तर होते आणि मास्तरांच्या मुलाला नुसतं अनंत म्हणणं त्यांना जमत नसे. सरांनी त्यांना सहलीला बरोबर घेतलं ते सामान उचलायला. एसटीनं घाट उतरून आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा आम्ही सगळे ओरडत पाण्यात पळालो. अण्णा मात्र काठाशी उभे राहिले, वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेवर ठेवलं आणि थुंकून म्हणाले, "कालवण बिघडलंय." मग पुन्हा चाखलं. नंतर पाच दिवस ते ओहोटीच्या वेळी आमच्या आधी खडकांवर असायचे.

टाकीतले जीव बहुतेक त्यांनीच गोळा केले. समुद्रफुलं, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे फुलासारखे जीव, खडकाच्या तुकड्यासकट छिन्नीनं अलगद काढली. ओरबाडून काढलेलं फूल जगत नाही हे त्यांना पहिलं फूल मेल्यावर कळलं आणि पुन्हा सांगावं लागलं नाही. दोन तारेमासे, शंखात बिऱ्हाड करून राहणारे सहा खेकडे, गोगलगाई, बोटाएवढे चार मासे. काचेच्या मोठ्या बुधल्यांत समुद्राचं पाणी भरून, बुधले गवतात बांधून आम्ही परतलो. रात्रभर अण्णा सायकलच्या पंपानं त्या पाण्यात हवा मारत बसले होते. आम्ही झोपलो होतो.

किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या नाखव्याशी त्यांची गट्टी जमली होती. मोठ्या गलबतांच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारतात, म्हणजे कालवं-शिंपले चिकटत नाहीत, असं तो बोलता बोलता म्हणाला. आम्हीही ते ऐकलं होतं. अण्णांनी मात्र परत आल्यावर सरांना सांगितलं, "सर, टाकीला तांबं-पितळ लावू नका. जी जनावरं पत्र्याला चिकटत न्हाईत ती पत्र्याच्या पाण्यात तरी कशी जगतील?" सर म्हणाले, "लोखंड गंजतं म्हणून धातू टाळायचा, बाकी काही नाही." दुसऱ्या दिवशी पितळी चाळणी टाकीजवळून गायब झाली होती.

चैत्रातलं सोलापूर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको, पाणी भांड्यात राहतच नाही. टाकीची पातळी रोज बोटभर उतरायची. आमच्यातले हुशार म्हणाले, समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच घालायला हवं, मीठ कालवून घालू. अण्णांनी काचेवर लाल रंगाची रेघ मारली होती. ते म्हणाले, "मीठ उडत न्हाय, पाणी उडतंय. घरी कालवण आटलं की खारट हुतंय का न्हाय? मग त्यात आई काय घालती, मीठ का पाणी?"  तेव्हापासून रेघेपर्यंत गोडं पाणी घालायचं ठरलं. कॉलेजचा नळ कोरडा, म्हणून ते पाणी अण्णा घरून आणायचे, सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या काळ्या माठातून. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते दोन दिवस माठात निवलं की मगच टाकीत. वर्गातला एक जण रोज विचारायचा, "अण्णा, सोलापूरच्या समुद्राला आज भरती का ओहोटी?" अण्णा म्हणायचे, "ओहोटी. काल नळ आला न्हाई."

टाकी जगली. सरांचाही विश्वास नसावा, पण जगली. दुपारी प्रयोगशाळेत कुणी नसलं की मी जाऊन बसायचो. बाहेर मागांची खटखट, त्यात मधेच गिरणीचा भोंगा, आणि आत समुद्रफूल हळूहळू उघडत असायचं. अण्णा त्याला शेंगदाण्याएवढा माशाचा तुकडा चिमट्यानं भरवायचे. चिमटा बांबूचा, त्यांनीच तासलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी विद्यापीठाची समिती येणार होती. सरांनी अण्णांना माझ्यासमोर सांगितलं, "समितीला टाकी दाखवतो आणि तुझं नाव सांगतो. प्रयोगशाळा सहायकाची जागा मंजूर होतेय. तू कायम होशील."  संध्याकाळी फाटकापाशी अण्णा मला म्हणाले, "कायम झालो तर पोरीला शाळेत घालताना बापाच्या धंद्यापुढं काय लिव्हायचं ते ठरलं."

समिती यायला दहा दिवस असताना त्यांच्या वडिलांना गावी लकवा झाला. निरोप आला तेव्हा ते टाकी पुसत होते. त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली आणि टाकी माझ्या हवाली केली. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली. अन्न किती, हवेचा पंप कधी बंद पडतो, तो कुठं चापट मारली की चालू होतो. शेवटी माठ माझ्या सायकलला स्वतः बांधून दिला. "ह्यो तुमच्या घरी ठेवा. नळ आला की भरा, दोन दिवस जाऊ द्या, मग आणा. माठातलंच घाला, अनंतराव. तांब्याचं नको." मी म्हणालो, "अण्णा, माझ्यावर सोडा."

आता आमच्या घराविषयी. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागे छोटी मोरी, मोरीच्या कट्ट्यावर आईची भांडी. मोठा हंडा, दोन कळश्या, घंगाळ, सगळं तांब्याचं, तिच्या लग्नातलं. रोज सकाळी ती चिंच आणि राखेनं ती भांडी घासायची, आणि कोवळं ऊन मोरीच्या झरोक्यातून त्यांच्यावर पडलं की ती क्षणभर थांबून बघायची. नळ पहाटे तासभर यायचा. तेवढ्यात ती सगळं भरून घ्यायची, मग चुलीवर भाकरी थापायला बसायची. पहिली भाकरी कडक करून वडिलांना, शेंगाचटणी आणि तेल. वडील जेवताना वर्तमानपत्र वाचायचे. ते सुधारक होते. शाळेत सगळ्या मुलांना एका रांगेत बसवून जेवू घालण्याबद्दल त्यांचं गावात नाव होतं. पण आईच्या मोरीत आणि चुलीपाशी आईचं राज्य होतं, आणि तिथं कुणाचं भांडं येईल आणि कुणाचं येणार नाही हे ती ठरवायची. वडील म्हणायचे, "तिचं तिला बघू दे." अण्णा बौद्ध होते. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते दोनदा मला बोलवायला आले होते आणि दोन्ही वेळा बाहेरच्या पायरीवर उभे राहिले होते. आईनं त्यांना चहा दिला होता. तो कप नंतर खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा.

त्या संध्याकाळी मी माठ घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि सायकलवरून उतरलो. आई विचारणार, माठ कुणाचा. कॉलेजचा आहे असं सांगता आलं असतं. पण खोटं उघडं पडलं तर तिचा चेहरा कसा होईल हे मला दिसलं. शिवाय, आणि हे वाक्य लिहायला मला पन्नासहून जास्त वर्षं लागली आहेत, प्रश्न फक्त आईचा नव्हता. तो माठ आमच्या मोरीच्या कट्ट्यावर, त्या भांड्यांच्या शेजारी ठेवलेला मलाही बघवला नसता. कसंतरी झालं असतं. मी अण्णांच्या शेजारी बसून त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती, आणि तरीही. मी सायकल वळवली, कॉलेजात जाऊन माठ प्रयोगशाळेच्या कपाटामागे रिकामा ठेवला आणि घरी आलो.

बाजारात कुंभाराकडे नवा माठ मिळाला असता. ते मला सुचलं नाही, की सुचूनही आळस केला, आता सांगता येत नाही. आईला मी म्हणालो, टाकीसाठी शिळं पाणी लागतं, कालचं. ती खूश झाली. "कळशी घेऊन जा. रात्रभर तांब्यात राहिलेल्या पाण्याहून चांगलं पाणी गावात मिळायचं नाही. मासेसुद्धा दुवा देतील." तांब्याचं नको, हे मला आठवत होतं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या नाखव्याचं ऐकून अण्णांनी काढलेलं खूळ आहे, सरही तसंच म्हणाले. आपण पितो ते पाणी, त्यानं काय होणार. रोज सकाळी झाकण बांधलेली कळशी सायकलला अडकवून मी जायचो आणि लाल रेघेपर्यंत पाणी ओतायचो.

तिसऱ्या दिवशी समुद्रफुलं उघडली नाहीत. चौथ्या दिवशी गोगलगाई काचेवरून सुटून तळाशी पडल्या होत्या. मला वाटलं उन्हानं. मी जास्त पाणी घातलं. पाचव्या दिवशी तारेमाशाचा एक हात गळून बाजूला पडला होता आणि तो एकटाच हलत होता. खेकडे शंख सोडून बाहेर आले, उघड्या मऊ अंगानं वाळूवर लोळले आणि मेले. सातव्या दिवशी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर वासानं आत जाववेना. मासे तेवढे जिवंत होते, ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते. समिती यायला तीन दिवस उरले होते.

सरांनी मला खोलीत बोलावलं. दोन प्राध्यापक बसले होते. सर रागावलेले नव्हते, खचलेले होते. त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं घालत होतास?"

मी म्हणालो, "सिद्रामच्या माठातलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नुसतं सिद्राम म्हणालो होतो. त्या दोघांपैकी एक प्राध्यापक म्हणाले, "बरोबर. त्यांच्या वस्तीतला माठ. काय पाणी असेल आणि काय भांडं असेल, कोण बघतंय." सर म्हणाले, "तसं नको बोलायला," आणि मग म्हणाले, "पण भांडं तपासायला हवं होतं, माझंच चुकलं." एवढंच. कुणी मला दुसरा प्रश्न विचारला नाही. माझ्या वाक्याला त्या खोलीत जागा आधीपासून तयार होती, मी ते फक्त नेऊन ठेवलं.

अण्णा आठव्या दिवशी आले. वडील वारले होते, डोकं भादरलेलं होतं. ते सरळ टाकीपाशी गेले. हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, बोट चाखलं. "मिठाचं बराबर हाय," ते स्वतःशी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माठातलंच घातलं न्हवं?"

"हो."

"तांब्याचं कायबी न्हाई लागलं?"

"नाही, अण्णा."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर संशय आला असता तर मी कदाचित बोललो असतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यांनी माठ कुठाय विचारलं, मी कपाटामागे बोट दाखवलं. ते तिथून माठ काढून खिडकीपाशी घेऊन गेले, त्यात तोंड घालून वास घेतला, आतून बोट फिरवलं, पुन्हा वास घेतला. "मग माठातच काय तरी आसंल," म्हणाले. माठ उचलून घरी घेऊन गेले.

समितीला टाकी दाखवली नाही. सहायकाची जागा मंजूर झाली, ती दुसऱ्याला मिळाली. सरांच्या टिपणात 'अस्वच्छ भांड्यातील पाणी' असं लिहिलं होतं. त्या कागदाची नक्कल मीच केली, माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. अण्णांना प्रयोगशाळेतून काढून मैदानाच्या साफसफाईवर टाकलं. वर्षभरात ते कॉलेज सोडून गिरणीत लागले. मी एम.एस्सी. झालो, त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. तांब्याचा अंशही बिनकण्याच्या समुद्री जीवांना कसा मारतो हे मी पुढे पुस्तकात वाचलं आणि तीस वर्षं वर्गात शिकवलं. उदाहरण म्हणून एका टाकीची गोष्ट सांगायचो. मुलं विचारायची, सर, पाणी कुणी घातलं होतं? मी म्हणायचो, होता एक विद्यार्थी. मुलं हसायची.

मधल्या काळात अण्णा मला तीनदा भेटले. एकदा नव्या पेठेत, लेकीसाठी कापड घेताना. दुकानदाराला त्यांनी अभिमानानं सांगितलं, "हे प्राध्यापक हायेत. आमी एका खात्यात हुतो." मी चौकशी केली, घाईत असल्याचं सांगितलं आणि निघालो. घरी येऊन जेवलो, मला आठवतं, भरपूर जेवलो.

गेल्या पावसाळ्यानंतर मी त्यांचं घर शोधत गेलो. माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. दार त्यांच्या लेकीनं उघडलं. ती परिचारिका म्हणून निवृत्त झाली आहे. अण्णा चार वर्षांपूर्वी गेले होते. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांचा फोटो होता. खाटेवर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या, निवडायला मेथी पुढ्यात घेऊन. त्यांना फार कमी ऐकू येतं असं लेक म्हणाली. मी तिलाच सगळं सांगितलं, हळू आवाजात, जसं इथं लिहिलं तसं.  सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सर, बाबांना हे माहीत नव्हतं. ते शेवटपर्यंत समजत होते की माठ आईमुळं बिघडला. ते गावी जायच्या आधी आईनं तो धुण्याच्या सोड्यानं घासला होता. स्वच्छ दिसावा, मास्तरांच्या घरी जायचाय म्हणून."

मी खाटेवरच्या म्हातारीकडे बघितलं.

"रागावून नाही म्हणायचे कधी," ती म्हणाली. "पण म्हणायचे. सणासुदीला, पाव्हणे आले की टाकीची गोष्ट निघायची, आणि शेवट आईच्या सोड्यावर यायचा. आईही म्हणायची, व्हय, माझ्याच हातानं झालं. चार वर्षांपूर्वी आला असता तर..." तिनं वाक्य सोडून दिलं.

मग ती आईच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, तुझ्या सोड्यानं कायबी झालं नव्हतं गं. कॉलेजातल्या टाकीचं. हे सर सांगतायत."

म्हातारीनं मेथी बाजूला सारली आणि माझ्याकडे बघितलं. "कोण हे?"

"अनंतराव. मास्तरांचे."

"तू नको सांगूस," म्हातारी लेकीला म्हणाली. "त्यांना सांगू दे."

मी खाटेजवळ सरकलो. दार उघडं होतं, गल्लीत नळावर बायका होत्या. मी ओरडून सांगितलं, "तुमचा माठ मी वापरलाच नव्हता. मी आमच्या घरच्या तांब्याच्या कळशीतलं पाणी घातलं. त्यानं मेले ते. आणि सगळ्यांना सांगितलं की माठातलं घातलं."

नळावरचं बोलणं थांबलं. 

"का वो?" म्हातारीनं विचारलं. "माठ तर चांगला हुता की. का न्हाई वापरला?"

मी लेकीकडे बघितलं. ती मदतीला आली नाही. मी खाली मान घालून उत्तर दिलं, तशी म्हातारीनं तळहात कानामागे धरला आणि आणखी जवळ सरकली. मग तेही मला मोठ्यानं सांगावं लागलं.